कंत्राटदार वगळून: सफाई कामगारांची स्वतःची सहकारी संस्था कशी उभी करायची आणि कशी टिकवायची

महाराष्ट्रात सहकार म्हटलं की डोळ्यांपुढे साखर कारखान्याचं धुराडं येतं. पण त्या कारखान्याचा मालक ऊस पिकवणारा सभासद. मिलवरचा फिटर आणि बॉयलरवरचा कामगार हे पगारी नोकरच. इथे विषय दुसऱ्या प्रकारच्या संस्थेचा आहे: जे काम करतात तेच सभासद, मत त्यांचंच आणि वर्षाअखेरीला उरलेला पैसाही त्यांचाच.

उदाहरणासाठी हाउसकीपिंग घेतलं आहे. यंत्रसामग्री फारशी लागत नाही, कंत्राटदार मधल्या मध्ये किती ठेवतो हे कामगारांना साधारण ठाऊक असतं, आणि रोजचं काम तसंही कामगारच चालवतात. पंधरा बायका एका कंत्राटदाराकडे काम करतात आणि स्वतःची संस्था काढू पाहतात, असं धरून चाला. बागकाम, कँटीन, पॅकिंग यांनाही बहुतेक गोष्टी तशाच लागू होतात.

अर्ज करण्याआधी

नोंदणीची घाई करू नका. आधी सहा महिने एकत्र पैसा हाताळून बघा. पंधराजणींची भिशी किंवा बचत गट चालत असेल तर उत्तम. तिथे हप्ता कोण चुकवतं, हिशेबाची वही कोण नीट ठेवतं, भांडण झालं की कोण उठून जातं, हे सगळं कळतं. जो गट महिन्याला पाचशे रुपयांची भिशी धड चालवू शकत नाही, तो तीन लाखांची पगारपत्रकं चालवू शकणार नाही.

याच काळात ठरवा की युनियन असेल तर ती सोडायची नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे. तिच्यातूनच पुढे स्वच्छ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. संस्था आली म्हणून संघटना विसर्जित झाली नाही. दोघींची कामं वेगळी आहेत. संस्था काम मिळवते आणि चालवते. संघटना हक्कांसाठी भांडते, आणि वेळ आली तर संस्थेच्या समितीलाही जाब विचारते.

सांगाडा कोणता

पर्याय चार-पाच आहेत, पण पंधरा सफाई कामगारांसाठी उत्तर बहुधा एकच. कंपनीतली शेअर-योजना म्हणजे ईसॉप हा मालकीचा तुकडा असतो. किमान एक वर्ष थांबल्याशिवाय शेअर हाती येत नाहीत, आणि आले तरी मत शेअरच्या संख्येवर, माणसावर नाही. उत्पादक कंपनीत एका माणसाला एक मत आहे, पण ती शेती, हातमाग, हस्तकला अशा प्राथमिक उत्पादकांसाठी. एलएलपी म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, ती दोन भागीदारांपासून होते आणि चार-सहा सॉफ्टवेअरवाल्यांना ती सोयीची पडते. तिथे लोकशाही फक्त भागीदारी करारात लिहिली तरच असते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालची संस्था घेतली तर एक सभासद, एक मत हे कायद्यातच आहे. कुणाचे शेअर कितीही असोत, मत एकच. सरकारसारखे अपवाद सोडले तर कोणा एका सभासदाकडे एकूण भागभांडवलाच्या एक पंचमांशाहून जास्त असू शकत नाही.

दुसरं कारण आयकराचं आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. सभासदांच्या श्रमाचा सामूहिक विनियोग करणाऱ्या सहकारी संस्थेला त्या उत्पन्नावर पूर्ण वजावट मिळते. अट अशी की मतदानाचा हक्क श्रम करणाऱ्या व्यक्ती, संस्थेला कर्ज देणाऱ्या सहकारी पतसंस्था आणि राज्य सरकार यांच्यापुरताच पोटनियमांत, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमावलीत, मर्यादित हवा. जुन्या कायद्यात ही तरतूद ८०-पी कलमात होती. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात क्रमांक बदलले आहेत, म्हणून सल्लागाराला क्रमांकाने नव्हे, तरतुदीच्या वर्णनाने विचारा. गावातल्या एखाद्या पुढाऱ्याला ‘मानाचा सभासद’ करून मत दिलंत की ही वजावट धोक्यात. विवरणपत्र मुदतीत भरलं नाही तरी ती जाते. बाहेरचे रोजंदार लावून काम करून घेतलं तर ‘हे सभासदांचे श्रम नव्हेत’ असा आक्षेप येऊ शकतो.

नोंदणी

किमान दहा व्यक्ती लागतात आणि त्या वेगवेगळ्या कुटुंबांतल्या हव्यात. नवरा-बायको दोघं प्रवर्तक, म्हणजे संस्था काढणारे, म्हणून मोजली जात नाहीत. इथेच पहिली अडचण येते, कारण एकाच वस्तीतल्या सासू-सुना, मायलेकी एकत्र काम करत असतात. म्हणून दहावर थांबू नका. तेरा-चौदा कुटुंबं हाताशी ठेवा, म्हणजे छाननीत दोन नावं गळली तरी अर्ज अडत नाही.

क्रम साधारण असा. प्रवर्तकांची सभा घ्या, मुख्य प्रवर्तक निवडा, इतिवृत्त लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. ज्या तालुक्यात किंवा प्रभागात कार्यालय असेल तिथल्या सहकार खात्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधकांकडून नाव राखून घ्या आणि बँकेत खातं उघडण्याची परवानगी मिळवा. खात्यात प्रत्येकीचं प्रवेश शुल्क आणि शेअरची रक्कम भरा, बँकेचा दाखला घ्या. मग नमुना ‘अ’ मधला अर्ज, पोटनियमांच्या चार प्रती, सभासदांची यादी, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, आणि संस्था कशी चालेल याची योजना. निबंधकाने दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्रुटीचं पत्र आलं की वाट लांबते, म्हणून अर्ज देण्याआधी एकदा कार्यालयात जाऊन तपासयादी मागून आणा.

मजूर संस्था म्हटलं की निबंधक कार्यालयात भुवया उंचावतात, हे आधीच माहीत असलेलं बरं. बिननिविदा सरकारी कामं मिळतात म्हणून ठेकेदारांनी आपल्या गड्यांच्या नावावर काढलेल्या संस्था राज्यात कमी नाहीत. सभासद यादीत मजूर, चेकबुक ठेकेदाराच्या कपाटात. त्यामुळे सभासद खरोखर हेच काम करतात याचे पुरावे जोडा: जुनी पगारपत्रकं, पीएफचा क्रमांक, ईएसआय म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, ओळखपत्र. संस्था कोणत्या वर्गात नोंदवायची हेही आधी विचारा. सरकारी कामवाटपात शिरायचं नसेल तर तसं योजनेत स्पष्ट लिहा.

नोंदणीनंतर तीन महिन्यांच्या आत पहिली सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. समितीत दोन जागा महिलांसाठी आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गांसाठी प्रत्येकी एक जागा राखीव असते. समितीची मुदत पाच वर्षं.

पोटनियम: छापील प्रत घेऊ नका

बहुतेक गट इथे चुकतात. कोपऱ्यावरच्या टायपिस्टकडून आदर्श पोटनियमांची प्रत आणून सही करतात. त्या प्रतीत कामाच्या जागी कोण काय ठरवणार याचा एक शब्द नसतो. कायद्याच्या चौकटीत बसतील अशी ही कलमं आपल्या भाषेत लिहून घ्या.

सभासद कोण होऊ शकतं: जी प्रत्यक्ष काम करते तीच. काम सोडल्यावर किती महिन्यांनी सभासदत्व संपणार तेही लिहा. नव्या कामगाराला सहा महिने उमेदवारी, त्यानंतर समितीने तिला सभासदत्व देऊ करायचंच. हे ‘च’ महत्त्वाचं आहे. ते नसेल तर काय होतं? काम वाढतं, नव्या बायका येतात, जुन्या पंधराजणींना नफ्यात वाटेकरी नको असतात. पाच वर्षांत पंधरा मालकिणी आणि साठ नोकर असं चित्र तयार होतं, आणि संस्था म्हणजे पंधरा तोंडांचा कंत्राटदार होते. यासाठी एक टक्केवारीही घाला: बिगर-सभासद कामगार एकूण संख्येच्या पंधरा-वीस टक्क्यांहून जास्त नकोत, रजेवरच्या बदली धरून.

मुकादम कोण नेमणार: प्रत्येक साइटवरच्या सभासदांनी, एक वर्षासाठी. दोन तृतीयांश जणींनी लेखी मागणी केली की मधेच बदलता यावी. मुकादम आणि समितीची अध्यक्ष एकच बाई नको.

पगारातलं अंतर: सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त मोबदल्यात किती पट फरक चालेल ते आकड्यात लिहा. एवढ्या छोट्या संस्थेत अडीच पट पुरे. बाहेरचा हिशेबनीस त्यापेक्षा महाग पडला तर त्याला पगारावर न ठेवता फी द्या.

सभासद काढून टाकणं: कायद्यानुसार त्यासाठी बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश मतं आणि निबंधकाची मान्यता लागते. म्हणून त्याच्या खालच्या पायऱ्या तुम्ही लिहा: लेखी समज, एका साइटवरून दुसरीकडे बदली, ठरावीक दिवस कामबंद. या पायऱ्या नसतील तर मुकादमाकडे दोनच हत्यारं उरतात, आरडाओरडा किंवा दुर्लक्ष. तक्रार ऐकणाऱ्या तिघीजणी समितीबाहेरच्या ठेवा. दहा किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर लैंगिक छळ प्रतिबंधासाठी अंतर्गत समिती कायद्यानेच लागते, ती वेगळी.

दर काढताना

कंत्राटदाराच्या दरापेक्षा शंभर रुपये कमी लावून काम मिळवायचं, हा मोह पहिल्याच महिन्यात संस्था बुडवतो. कंत्राटदार स्वस्त पडतो कारण तो पीएफ बुडवतो, बोनस देत नाही, सुट्टीचा पगार कापतो. ते तुम्ही स्वतःच्याच सभासदांशी करणार आहात का?

एका जणीचा मासिक हिशेब मांडून बघू. मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून १५,००० रुपये धरू. प्रत्यक्षात तुमच्या परिमंडळाचं किमान वेतन तपासा. विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो. त्यावर मालकाच्या बाजूचा पीएफ, विमा आणि प्रशासन खर्चासह १३ टक्के, म्हणजे १,९५०. ईएसआय ३.२५ टक्के, ४८८. बोनस ८.३३ टक्के, १,२५०. महिन्याला दीड दिवस पगारी रजेची तरतूद, २६ दिवसांच्या महिन्याने, ८६५. झाले १९,५५३. गणवेश, हातमोजे, फिनेल, मॉप यांचे ६००. हिशेबनीस, प्रवास, फोन, ऑडिट मिळून माणशी १,२००. आणि खेळत्या भांडवलासाठी बाजूला १,०००. एकूण २२,३५३ रुपये, वर १८ टक्के जीएसटी.

आठवडी सुट्टीला बदली कामगार हवी असेल तर तिचा खर्च यात नाही, तो वेगळा लावा. करारात एक वाक्य हवंच: किमान वेतन किंवा विशेष भत्ता वाढला की दर त्याच तारखेपासून त्या प्रमाणात वाढेल. हे नसेल तर जुलैची वाढ संस्थेच्या खिशातून जाते.

‘आपणच मालक, मग आपला पीएफ कशाला?’ हा प्रश्न पहिल्या सभेत कुणीतरी विचारतंच. उत्तर सोपं आहे. काम देणारी कंपनी बिलासोबत पीएफ आणि ईएसआयची चलनं मागते, चलन नसेल तर बिल अडतं. शिवाय दवाखान्याची गरज मालकिणीलाही पडते.

खरी परीक्षा: पहिले ६० दिवस

संस्था तोट्याने क्वचितच मरते. ती रोकड संपल्यामुळे मरते. आकडे बघा. पंधराजणींचा महिन्याचा खर्च, बाजूला ठेवायचे हजार वगळून, सुमारे ३,२०,०००. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. बिल मात्र महिनाअखेर लागतं, ग्राहकाकडून पैसे येईपर्यंत ४५ ते ६० दिवस जातात. शिवाय बिलावरचा जीएसटी, इथे सुमारे ६०,०००, ग्राहकाने पैसे दिले असोत वा नसोत, पुढच्या महिन्यात भरावा लागतो. म्हणजे दोन महिन्यांचा खर्च आणि हा जीएसटी मिळून, पहिला पैसा येण्याआधी सात लाखांच्या आसपास हाताशी हवेत. पंधराजणींनी प्रत्येकी ५,००० चे शेअर घेतले तरी जमतात ७५,०००.

ही दरी भरण्याचे मार्ग, उपयोगाच्या क्रमाने. एक, लहान सुरुवात करा. एका मोठ्या कंपनीऐवजी तीन हाउसिंग सोसायट्या, पाच-सहा जणींचं काम. सोसायट्या सहसा महिन्याच्या महिन्याला देतात. उरलेल्या जणी तोवर जुन्या नोकरीत राहतात. दोन, करारात १५ दिवसांत देयक ही अट मागा आणि त्यासाठी दरात थोडी सूट देऊ करा. तीन, उद्यम, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी करा. सूक्ष्म उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यावंच लागतं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं. प्रत्यक्षात कुणी पहिल्याच ग्राहकावर दावा लावत नाही, पण नुसतं कलम बिलावर छापलं तरी लेखा विभाग हलतो. चार, जिल्हा बँक किंवा सहकारी बँकेकडून कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं कर्ज. ते सहसा पहिल्या ऑडिटनंतरच मिळतं.

लिज्जत पापडचं इथलं उदाहरण शिकण्यासारखं आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, आणि देणगी घ्यायची नाही असं ठरवलं. रोज पीठ न्यायचं, रोज पापड आणून द्यायचे, लाटणावळ तिथेच. पैसा बाजारात अडकून पडत नाही म्हणून भांडवल कमी लागतं. सफाईच्या कामात रोजचा व्यवहार जमणार नाही, पण धडा तोच: पैसे यायला जितका उशीर, तितकं बाहेरच्या कर्जावर अवलंबणं, आणि कर्ज देणाऱ्याचं ऐकणं.

रोजचा कारभार

लोकशाही म्हणजे वर्षातून एक सभा आणि चहा-बिस्कीट नव्हे. दर आठवड्याला प्रत्येक साइटवर अर्धा तास, पाळी संपण्याआधी, आणि तो अर्धा तास कामाचा धरून पगारासह. सुटल्यावर सभा ठेवली की ज्यांना पाणी भरायचंय, पोरं आणायचीत त्या निघून जातात, आणि निर्णय मोकळ्या असलेल्या तिघी घेतात. सभा चालवणारी दर वेळी वेगळी. इतिवृत्तात तीनच गोष्टी: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत.

महिन्याच्या दहा तारखेला एक पानी हिशेब भिंतीवर लागलाच पाहिजे. बँकेत किती, ग्राहकांकडून येणं किती आणि किती दिवसांचं, पगार किती द्यायचा, पीएफ-ईएसआय-जीएसटी किती भरायचा, बिलातून टीडीएस म्हणजे आयकर किती कापला गेला. मराठीत, मोठ्या अक्षरांत. वाचता न येणाऱ्या सभासद असतील तर आठवडी सभेत मोठ्याने वाचा आणि एकीला ते पुन्हा आपल्या शब्दांत सांगायला लावा. तिला सांगता आलं नाही तर दोष हिशेबाच्या मांडणीत आहे.

खर्चाच्या पायऱ्या ठरवा: दोन हजारांपर्यंत मुकादम, पंचवीस हजारांपर्यंत समिती, त्यावर सर्वसाधारण सभा. खर्चाहून कमी दरात काम घ्यायचं असेल तर रक्कम कितीही असो, सभेतच. धनादेशावर दोन सह्या. आणि एक गोष्ट जी कुठल्याच पोटनियमात नसते: जीएसटी, पीएफ, बँक यांचे पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाइल. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, सत्ता त्याच्याकडे. संस्थेच्या नावाचं वेगळं सिमकार्ड घ्या, फोन कार्यालयात ठेवा, पासवर्ड दोघींकडे. हिशेबनीस रुसून गेला आणि तीन महिने विवरणपत्रं अडकली, असं सर्रास घडतं.

काम अचानक कमी झालं तर काय? कुणाला घरी बसवायचं यावर मतदान घेऊ नका, त्याने संस्था दुभंगते. उरलेले दिवस सगळ्यांत वाटा. हा नियम मंदी येण्याआधी, सगळं बरं चाललं असताना लिहून ठेवा.

वर्षाअखेर

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, १४ दिवसांची नोटीस देऊन. ऑडिट निबंधकाच्या पॅनेलवरच्या लेखापरीक्षकाकडून. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो, आणि शेअरवर लाभांश १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. ही मर्यादा तुमच्या फायद्याची आहे, भांडवलाला नव्हे तर श्रमाला वाटा मिळावा म्हणून.

वर्षाला २,४०,००० उरले असं धरा. राखीव निधीला ६०,०००. भागभांडवल ७५,००० असेल तर १५ टक्क्यांनी लाभांश ११,२५०. खेळत्या भांडवलाच्या निधीत ७८,७५०. उरले ९०,०००, ते कामाच्या दिवसांवर बोनस म्हणून वाटा. सगळ्यांचे मिळून ४,५०० दिवस भरले असतील तर दिवसाला २० रुपये. ३०० दिवस भरलेलीला ६,०००, २७० वाल्या सभासदाला ५,४००. बाळंतपणाची रजा भरलेले दिवस म्हणून मोजायची का, हे आधीच ठरवा. वाटपाच्या दिवशी हा वाद काढलात तर त्याला माणसाचं नाव चिकटतं. पहिली दोन वर्षं सगळं वाटून टाकण्याचा आग्रह होतोच, दिवाळी तोंडावर असते. तेव्हा भिंतीवरचा तो सात लाखांचा हिशेब पुन्हा लावा.

बंद पडलेला कारखाना घ्यायचा असेल तर

ही वेगळीच वाट आहे. कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जमध्ये कामगारांच्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये हिरवा कंदील दिला आणि कामगारांनी बंद कारखाना पुन्हा सुरू केला. काही वर्षं तो चालला, मग टिकला नाही. यंत्रं जुनी, बँका सावध, जुन्या देण्यांचं ओझं. आजच्या दिवाळखोरी संहितेत मालमत्ता विकून वाटप होतं तेव्हा कामगारांची शेवटच्या २४ महिन्यांची देणी तारण घेऊन कर्ज देणाऱ्यांच्या बरोबरीने धरली जातात. म्हणून पगारपत्रकं, हजेरी आणि थकबाकीचा तक्ता मालक पळ काढण्याआधीच गोळा करा. प्लांटची बोली लावण्याआधी एक स्वतंत्र अभियंता यंत्रांवरून फिरवून आणा आणि पहिल्या वर्षाच्या कच्च्या मालाचे पैसे कुठून येणार याचं लेखी उत्तर मिळेपर्यंत थांबा.

कुणी सोडून गेली तर

शेअर दर्शनी किमतीलाच परत, नफ्याच्या हिशेबाने फुगवून नाही. एका वर्षात एकूण भागभांडवलाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त परतावा होणार नाही असं पोटनियमात घाला, नाहीतर एका भांडणात पाचजणी गेल्या की खातं रिकामं. थकलेला पगार आणि बोनस मात्र या मर्यादेत धरू नका, तो लगेच द्या. वाद मिटलाच नाही तर सहकार न्यायालय आहे. तिथे जाताना इतिवृत्ताची वही, हजेरी आणि सह्या केलेलं पगारपत्रक लागतं, म्हणून तिन्हींचा एक झेरॉक्स संच कार्यालयाबाहेर, दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा.